सूपभर कोंडा

पापडीच्या जुन्या बाजारात पिठाची गिरण कासाराच्या अलीकडे होती की पलीकडे, यावरून वीस-बावीस माणसं आठवडाभर भांडली. भांडण मोबाईलवर चाललं म्हणून कुणाचं डोकं फुटलं नाही, एवढंच. बाजाराच्या त्या एका गल्लीत जन्मलेली आणि नंतर जिकडेतिकडे पांगलेली ही माणसं. कुणी विरारच्या बिल्डिंगीत, कुणी पुण्याला लेकाकडे, एक तर थेट कॅनडात. 'पापडीची जुनी गल्ली' नावाचा ग्रुप निघाला आणि साठी-सत्तरी ओलांडलेल्या या मंडळींना एकाएकी सगळं लख्ख आठवायला लागलं. फक्त प्रत्येकाला वेगवेगळं.

वसईच्या एव्हरशाईन सिटीतल्या पाचव्या मजल्यावर, खिडकीशी खुर्ची ओढून सरोजिनीबाई हे सगळं वाचत असत. सून सुरुचीनं त्यांना हौसेनं ग्रुपमध्ये घातलं होतं. गिरण कासाराच्या पलीकडे होती हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. गिरणीच्या दारातलं पीठ पायाला लावून कासाराच्या ओट्यावर आपण पावलं उमटवायचो आणि कासारीण शिव्या द्यायची, हेही आठवत होतं. पण त्यांनी ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नाही. त्या गल्लीबद्दल आपण होऊन बोलायचं नाही अशी त्यांची जन्माची शिस्त होती. बोलायला लागलं की गिरण, कासार, भुसारी असं करत करत गोष्ट त्या दोन दुकानांपाशी येणार, आणि तिथं आल्यावर पुढे काय बोलायचं हे त्यांना सत्तर वर्षांत उमगलेलं नव्हतं.

दोन दुकानं समोरासमोर होती. एक काशीराम राऊतांचं. त्याला दुकान म्हणायचं म्हणून म्हणायचं. तो एक लांबरुंद ओटा होता. वर आढ्याला राजेळी केळ्यांचे घड टांगलेले, खाली विड्याच्या पानांच्या टोपल्या, आणि थंडी सुरू झाली की सुकेळी. सोललेली राजेळी उन्हात वाळवून मधाच्या रंगाची झाली की काशीराम ती केळीच्याच सुक्या पानात गुंडाळून सोपटाच्या दोरीनं बांधायचे. त्यांनी बांधलेली पुडी मुंबईपर्यंत जाऊन आली तरी सुटायची नाही.

समोरचं दुकान इनासचं. नवरा लवकर गेलेली ही कॅथलिक बाई दारातच शिवणयंत्र मांडून बसायची. झबली, फ्रॉक, शाळेचे गणवेश, नवरीचे पांढरे झगे, काय वाट्टेल ते शिवायची आणि शिवताना आख्ख्या गल्लीशी बोलायची. तिला एक मुलगा होता, ॲन्सेल्म. मुलगी नव्हती.

आणि सरू होती. सरू राहायची काशीरामच्या घरात. जेवायची तिथं, झोपायची तिथं, शाळेच्या हजेरीत तिचं नाव सरोजिनी काशीराम राऊत. पण गल्लीत कुणाला विचारा, तो म्हणणार, "ती होय? ती इनासची सरू."

लहानपणी त्यात काही वावगं आहे असं तिला वाटलंच नाही. कुणाला बाळ्या म्हणतात, कुणाला ठमी म्हणतात, तसं आपल्याला इनासची म्हणतात. मग सात वर्षांची असताना एक दिवस ती ओट्याच्या पायरीशी खेळत होती. वर आई पानं मोजून देत होती. गिऱ्हाईक बाई म्हणाली, "पोरगी गोड हाय हो तुमची."

आईनं मान वर केली नाही. "आमची नाय ती," आई म्हणाली. "इनासची हाय. तिनं इकत घेतलेली. आमच्याकडं फकस्त सांबाळायला दिलेय." आणि पानांची मोजणी पुढे चालू.

सरूनं संध्याकाळपर्यंत दम धरला. मग समोर जाऊन इनासला विचारलं, "मावशी, तू मला विकत घेतलंस?" इनासच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून ती हसली. "मंग? चांगली पारखून घेतलेय तुला."

झालं. दोन मोठ्या बायकांनी एकाच दिवशी एकच गोष्ट सांगितल्यावर सात वर्षांच्या मुलीनं तिसऱ्या कुणाला विचारायचं? तिनं विचारलं नाही. पण त्या दिवसापासून पुरावे मात्र ढिगानं सापडायला लागले. धाकट्या जयवंताचे सदरे काशीराम कापडवाल्याकडून आणायचे. सरूसाठी त्या घरातून कधी चिंधीही विकत आली नाही. तिचा प्रत्येक फ्रॉक इनासनं शिवलेला. दर नाताळाला झालरीचा नवा, आणि तो घालून ही राऊतांची पोर गल्लीभर मिरवायची. जयवंत दिवसभर ओट्यावर आईच्या मांडीत लोळायचा. सरू पायरी चढली की आई म्हणायची, "खाली खेळ." मागच्या परसात विहिरीवर मात्र आई तिला अंग लाल होईस्तोवर रगडून न्हाऊ घालायची आणि केस विंचरायला बसली की लवकर सोडायची नाही. त्याचाही सरूनं अर्थ लावून टाकला. उसनं आणलेलं भांडं आपल्या भांड्यांपेक्षा जास्त घासतात, कारण ते परत करायचं असतं.

मग मुलगी वागायला लागली पाहुणीसारखी. न सांगता काम करायची, ताटात दुसऱ्यांदा वाढू द्यायची नाही, कशाचा हट्ट धरायची नाही. बायका काशीरामच्या बायकोला म्हणायच्या, "नशीबवान हो तुम्ही, काय गुणाची पोर!" आई त्यावर काही बोलायची नाही. आपण नेमक्या कुणाच्या, हे कोडं सरूनं मनातल्या मनात दोन तऱ्हेनं सोडवून ठेवलं होतं. एक तर आपण इनासच्याच पोटच्या आणि काही लपवण्यासारखं असल्यामुळे समोर ठेवलेल्या. नाही तर कुणा गरीब बाईकडून इनासनं घेतलेल्या. दिवस असेल तसं यातलं कधी हे खरं वाटे, कधी ते. काशीरामच्या आपण नाही, एवढं दोन्हीत सारखं होतं.

गल्लीतच खोली घेऊन राहणाऱ्या, टेलिफोन खात्यातल्या रमेशशी तिचं लग्न ठरलं, तेव्हा तिनं आयुष्यातला पहिला आणि शेवटचा हट्ट केला. लग्न नोंदणीनं करायचं. मांडव नको, जेवणावळ नको. परक्या पोरीपायी या माणसांनी अजून किती करायचं, असा तिचा सरळ हिशेब होता. आई गडबडली. "अगो, असं कसं? इनासला बोलवायला पायजे. तुझ्या लग्नात सूप..."

"कुणालाही बोलवायचं नाही," सरू म्हणाली. लग्नात इनास येणार, रडणार आणि सगळ्यांसमोर काहीतरी सांगून बसणार, याची तिला धास्ती होती. आईचं ते सूप अर्ध्यावरच राहिलं. सही करून सरोजिनी रमेशच्या बदलीच्या ठिकाणी, दादरला गेली, तिथून पंधरा वर्षांनी वसईला परत आली ती पूर्वेला, स्टेशनच्या या बाजूला. त्या बाजूला, पापडीला, सणासुदीपुरती जायची.

इनास गेली तेव्हा सरोजिनी चर्चमध्ये अशी रडली की इनासच्या भाच्या-पुतण्या वळून बघायला लागल्या. घरी येऊन दहा दिवस तिनं गोड खाल्लं नाही. दाढ दुखतेय असं रमेशला सांगितलं. रमेश बिचारा लवंगेचं तेल घेऊन आला.

बारा वर्षांपूर्वी आई गेली. तेव्हा सरोजिनीबाईंनी सगळं केलं. रात्री जागल्या, औषधं पाजली, बाराव्याचा स्वयंपाक सांभाळला. डोळ्यांतून मात्र टिपूस आलं नाही. लोक म्हणाले, किती धीराची. त्यांना स्वतःला ठाऊक होतं की यात धीर वगैरे काही नाही. ज्यांनी सांभाळलं त्यांचं आपण केलं, उपकार फिटले, असं त्यांना वाटत होतं. आणि असं वाटतंय याची लाजही वाटत होती.

शेवटच्या आजारात आईनं एकच घोषा लावला होता. "ते राहिलंच गो तुझ्या लग्नात." सरोजिनीबाई म्हणायच्या, "राहू दे आता. मला काही कमी पडलं नाही." आई म्हणायची, "एकदा वटारला चल माझ्यासंगती. अन्सेल्म हाय अजून." इनासचा ॲन्सेल्म तेव्हा वटारच्या वाडीत राहायला गेला होता. सरोजिनीबाई 'बघू' म्हणायच्या. मरताना ही आपल्याला ज्याची त्याला देऊन टाकायला निघाली आहे, असं त्यांना वाटे आणि त्या विषय बदलत. बाराव्यानंतर आवराआवर करताना आईच्या खाटेखाली पत्र्याचा डबा निघाला. आत फडक्यात बांधलेला भाताचा कोंडा, टोके पडलेला. जयवंताची बायको म्हणाली, "काय बाई या सासूबाई! ना घरात गाय, ना म्हैस." सगळे हसले. सरोजिनीबाईसुद्धा. डबा कचऱ्यात गेला.

तर असं सगळं इतकी वर्षं नीट झाकून ठेवलेलं, ते एका फ्लेक्सपायी उघडं पडायची वेळ आली.

ग्रुपमधल्या मंडळींनी स्नेहमेळावा ठरवला. जयवंत शाळेत ड्रॉइंगचे मास्तर होते. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताला काम नव्हतं. त्यांनी मेळाव्यातल्या फ्लेक्ससाठी गल्लीचा मोठा नकाशा काढायला घेतला. प्रत्येक दुकानाची एक चौकट आणि चौकटीत त्या घरच्या माणसांची नावं. गिरणीचा वाद त्यांनी दोन्हीकडे एकेक गिरण काढून मिटवला. मग बहिणीला फोन केला.

"ताई, आपल्या चौकटीत बाबा, आई, तू आणि मी. तुझं नाव माहेरचं घालू की सासरचं?"

"माझं घालू नकोस," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"म्हणजे?"

"घालायचंच असेल तर समोरच्या चौकटीत घाल. इनासमावशीच्या."

"तुला बरं वाटत नाहीये का?"

"मला बरं आहे. मी तुमची नव्हे, जयवंता. तू लहान होतास, तुला कुणी सांगितलं नसेल. गल्लीला माहीत होतं."

"गल्ली थट्टा करायची तुझी. या वयात तू..."

"आई थट्टा करत नव्हती."

"आईला जाऊन बारा वर्षं झाली आणि आज तू हे काढतेस? मेळावा पंधरा दिवसांवर आलाय. मी नाव घालणार." आणि त्यांनी रागानं फोन ठेवला. जयवंत सहसा रागावत नसत. बहीण आपल्यावर कशाचा तरी डूख धरून आहे, एवढंच त्यांना त्यातून समजलं होतं.

त्या रात्री सरोजिनीबाईंचा डोळा लागला नाही. मनात ठेवलेली गोष्ट मनात असते तोवर तिला पुरावा लागत नाही. तोंडातून गेली की लागतो. समोरच्या चौकटीत घाल म्हणालो खरं, पण तिथं तरी आपला हक्क आहे का? कुणा तिसऱ्याच्याच असलो तर? नाव कुठल्या चौकटीत पडावं हे धड सांगता येत नाही, अशी ही एकटीच बाई त्या आख्ख्या नकाशात होती.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर एक आवाजी निरोप आला. ऐंशीच्या घरातला, खरखरीत आवाज. "मी अन्सेल्म बोलतंय, वटारवरून. नातीनं जोडून दिला हाय. काशीरामच्या समोर आमचं दुकान. सगले दिसतात, आमची सरू कुठं दिसत नाय. तिला कोनी बगितली का?"

सरोजिनीबाईंनी तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. मग सुरुचीला म्हणाल्या, "मी वटारला जाऊन येते." सुरुची गाडी बोलावते म्हणाली. नको म्हणून त्या रिक्षा, बस, परत रिक्षा अशा गेल्या.

ॲन्सेल्म वाडीतल्या घराच्या ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी सरूला लगेच ओळखलं. खुर्ची ओढली, बायकोला हाक मारली, पाणी आलं, चहा आला. रमेश गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, त्याबद्दल बोलून झालं. गिरणीचा विषय निघाला. ते म्हणाले, "पलीकडं. कासाराच्या पलीकडं. येड्यांचा बाजार हाय तो ग्रुप." सरोजिनीबाईंना एरवी याचा फार आनंद झाला असता.

"दादा, एक विचारायला आलेय. खरं सांगाल?"

"आता खोटं बोलून मना काय मिलनार?"

"मी कुणाची?"

"कोनाची म्हंजे? काशीरामची."

"मग इनासमावशीनं मला विकत घेतलं, ते कुणाकडून?"

"काशीरामकडूनच."

ॲन्सेल्मना हसू फुटलं आणि ते मनमोकळे हसायला लागले. मग त्यांनी तिचा चेहरा बघितला. हसू थांबलं. त्यांनी शेंगांची टोपली खाली ठेवली.

"सरू, तुला ठावं नाय?"

"काय?"

"तुझ्या आगोदर तीन पोरं गेली काशीरामची. तीन. दात पन नाय आले कोनाला. त्याच पाळन्यात. तू झालीस तवा तुझ्या आयनं तुला पाळन्यात घालायलाच दिली नाय. पाचवी झाली, दुसऱ्या दिवशी सकाळी तुला सुपात घालून मागच्या उकिरड्यावर ठेवली. मी तितंच होतो, नऊ-धा वर्साचा. आमची आय ठरल्यापरमानं तितून गेली नि मोट्यांदी इचारलं, ही कोनाची पोर? काशीराम बोलला, कोनाचीच नाय, लागत असंल तर घे. तवा आमच्या आयनं सूपभर कोंडा दिला नि तुला उचलली."

"पण इनासमावशीच का?"

"सटवी तुमच्यात शोधल, सगल्या घरांत शोधल. चर्चात मिसाला बसनाऱ्यांच्या पोरीकडं ती कशाला येल? तुझ्या आयनंच काडलेली ही अक्कल." ते पुन्हा हसणार होते, पण हसले नाहीत. "मंग आमच्या आयनं तुला परत तिच्या हातात दिली. माझी पोर हाय, तुमी सांबाळा. लग्न होयपरयंत तिनं तुला आपली म्हनायची नाय. कापड घ्यायचा नाय. चारचौगांत मांडीवर घ्यायची नाय. लग्नात कोंडा परत द्यायचा नि पोर परत घ्यायची. तुझ्यामागं जयवंत जगला. त्याला इकायला लागला नाय, सटवीची वाट तू तोडली होतीस ना."

सरोजिनीबाईंनी ही चाल ऐकलेली नव्हती असं नाही. विकलेली मुलं, धोंडू आणि केरू नावांचे म्हातारे, सगळं त्यांच्या कानांवरून गेलेलं होतं. पण ते दुसऱ्यांचं. आपली गोष्ट आपल्याला सातव्या वर्षी कळली आणि कळली म्हणून तिथंच मिटली. नंतर आलेली अक्कल एवढं मागं जाऊन तिथं पोचलीच नाही.

"माझ्या लग्नात..." त्या म्हणाल्या.

"तुझी आय आल्ती की, लग्नानंतर. कोंडा घेऊन. आमची आय बोलली, पोर नको काय समोर? तिला घेऊन ये. मंग दर वर्साला नवा भात आला का ती डब्यातला कोंडा बदलायची. मना बोललीय कितींदा, सरू आली का तिला घेऊन येतंय. आमची आय गेल्यावर बोलली, आता तूच दे माझी पोर परत." ॲन्सेल्मनी शेंगांची टोपली परत जवळ ओढली. "तिनं तुला सांगायला पायजे होता. पन जवर पोर परत घेतली नाय तवर सांगायचा नाय, असा तिचा नेम. भ्यालेली बाई ती, सरू. तीन पोरं पुरलेली."

ॲन्सेल्मच्या बायकोनं जेवून जायचा आग्रह केला. सरोजिनीबाई जेवल्या. काय जेवल्या ते त्यांना आठवत नाही. परतीच्या बसमध्ये त्यांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसत होती. डबा, फडकं, टोके पडलेला कोंडा, आणि त्यावर हसणारे सगळे. त्यात आपणही.

घरी येऊन त्यांनी जयवंताला फोनवर सगळं सांगितलं. जयवंत शेवटी म्हणाले, "तीन होती?" चौकटीत त्या तिघांसाठी काय लिहायचं, हा त्यांना पडलेला पहिला प्रश्न. नावं ठेवलेलीच नव्हती. मग म्हणाले, "कोंडा मी आणतो."

आणतो म्हणणं सोपं होतं. वसईत आज काय वाटेल ते मिळतं, कोंडा मिळत नाही. किराणावाल्यानं मास्तरांना कोंबड्या पाळल्या का विचारलं. सुरुचीनं मोबाईलवरून मागवला, तर परदेशी ओट्सचा आला, डब्यावर सडपातळ बाईचं चित्र असलेला. जयवंत तो बघून म्हणाले, "हा देऊन ताईच्या जागी दुसरीच कुणीतरी बहीण मिळायची." शेवटी गावातली भाताची एक गिरण चालू सापडली. तिथून त्यांनी पिशवीभर आणला. सूप बुरुडाकडून नवं घेतलं.

मेळाव्याच्या आदल्या रविवारी सकाळी, दुकानं उघडायच्या आत, तिघं त्या गल्लीत जमली. जमली म्हणजे ॲन्सेल्म काठी टेकत, नातीनं करून दिलेल्या रिक्षातून उतरले, बाकीचे दोघं आधीच आले होते. इनासच्या दुकानाच्या जागी आता रक्त तपासायची लॅब आहे. काशीरामच्या ओट्याचं मोबाईलच्या कव्हरांचं दुकान झालंय. ओटा पुष्कळसा तोडलेला. राहिलेल्या दोन पायऱ्यांवर चकचकीत फरशी बसवलेली. दुकानदार नेमका शटर वर करत होता. सूप घेऊन उभे असलेले मास्तर बघून त्यानं विचारलं, "अंकल, कोई शूटिंग है क्या?"

"हो," जयवंत म्हणाले. "पाच मिनिटं."

ॲन्सेल्म लॅबच्या शटरपाशी सरूला घेऊन उभे राहिले. जयवंत समोर. मधून एक दूधवाला मोटारसायकलवरून गेला, तेवढं थांबावं लागलं. मग ॲन्सेल्म मोठ्यानं म्हणाले, "ही माझी पोर. आयनं घेतलेली. पायजे असंल तर कोंडा दे नि ने."

जयवंत सूप घेऊन गल्ली ओलांडून आले. काय बोलायचं ते त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. आयुष्यभर वर्गात शुद्ध बोललेला हा माणूस. पण ऐनवेळी त्यांच्या तोंडून आईचीच बोली आली. "घे कोंडा. आमची हाय ती."

ॲन्सेल्मनी सुपातून मूठभर कोंडा उचलून रुमालात बांधला आणि सरूच्या पाठीला हात लावून तिला हलकेच पुढे ढकललं. सरोजिनीबाईंनी गल्ली ओलांडली. गुडघे दुखतात म्हणून एकेक पाय ठेवत त्या पायऱ्या चढल्या आणि वरच्या पायरीवर, जिथं त्यांना कधी बसू दिलं नव्हतं तिथं, बसल्या. दुकानदारानं त्यांच्यामागचं काचेचं दार न बोलता धरून ठेवलं.

नाव कुठल्या चौकटीत घालायचं ते जयवंतांनी परत विचारलं नाही. त्यांनी पिशवीतून केळीच्या सुक्या पानातली पुडी काढली. "सुकेळी आहेत. आगाशीहून आणली. बाबांसारखी बांधता येत नाही आता कुणाला, पण चव तीच आहे. घे, तोंड गोड कर."

सरोजिनीबाईंनी पुडी हातात घेतली. मग भावाच्या हातात परत ठेवली.

"आता नको," त्या म्हणाल्या. "मला दहा दिवस गोड चालायचं नाही."

"का गं?"

त्यांना बोलायला वेळ लागला, कारण रडू आधी आलं.

"माझी आई गेलीय," त्या म्हणाल्या.